तालुका एकीकडे, ओढा दुसरीकडे

एखादे गाव आसपासच्या मुलखासाठी किती महत्त्वाचे, हे ठरवायचे कसे? वाल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने त्यासाठी टेलिफोन मोजले. लोकसंख्येच्या मानाने फोन जास्त, म्हणजे आजूबाजूच्या गावांचे व्यवहार तिथे चालतात, असा त्याचा हिशेब. त्यातून 1933 साली त्याने मांडलेला ‘मध्यवर्ती स्थान सिद्धांत’, त्यातल्या षटकोनांसह, भूगोलाचे विद्यार्थी आजही वहीत उतरवतात.

कल्पना मात्र त्याच्याआधीची. फ्रान्समध्ये ज्याँ रेनो यांनी 1841 सालीच शहरांच्या षटकोनी क्षेत्रांविषयी लिहिले होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात चार्ल्स गॅल्पिन यांनी याहून साधी वाट धरली. कोणते शेतकरी कुटुंब किराण्याला कुठे जाते, पैसे कुठल्या बँकेत ठेवते, दूध कुठे घालते, वर्तमानपत्र कुठल्या गावचे वाचते, हे त्यांनी नकाशावर मांडले आणि 1915 मध्ये प्रसिद्ध केले. सरकारी हद्दी एकीकडे आणि माणसांचा ओढा दुसरीकडे, हे त्यातून उघड झाले.

मराठी मुलखालाही हे नवे नव्हते. सी. डी. देशपांडे यांनी 1941 मध्ये मुंबई कर्नाटकातल्या बाजारगावांवर आणि जत्रांवर लेख लिहिला. तो प्रदेश हातकणंगले तालुक्यातल्या इचलकरंजी शहराच्या वेशीपासून फार लांब नाही. पुढे 1965 मध्ये इरावती कर्वे आणि रणदिवे यांनी फलटण आणि त्याच्या भोवतालच्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

इचलकरंजी मात्र या चौकटीत सरळ बसत नाही. ख्रिस्टालरचे गाव आधी भोवतालच्या गावांच्या गरजा भागवते, मग मोठे होते. इथे उलटे झाले. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये यंत्रमाग आणला. सूत बाहेरून आले, कापड बाहेर गेले. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून भरलेले बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, टेम्पोतून मागावर पोचवण्याच्या धंद्याला शेजारच्या गावांच्या बाजाराशी काय देणेघेणे? पण माग वाढले तसे कामगार आले. त्यांच्यामागून दुकाने, दवाखाने, शाळा-महाविद्यालये आली. आता पंचगंगेकाठची गावे आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडची कन्नड बोलणारी माणसेही याच शहराकडे वळतात.

2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2,87,353 होती. 2022 मध्ये महापालिका झाली. तरीही तालुका हातकणंगल्याचा, आणि रेल्वे गाठायचीही हातकणंगल्यालाच. प्रांत कार्यालय आणि अपर तहसील कार्यालय शहरात आहे, हे मान्य. पण ती ठिगळे झाली. एवढे मोठे शहर लहान गावाच्या नावाच्या तालुक्यात राहते, याला कागदापलीकडे कारण सापडत नाही.

स्वतंत्र तालुक्याची मागणी जुनी आहे, आणि ती नेहमी लोकसंख्येच्या आकड्यावर मांडली जाते. तो आकडा पुरेसा नाही. मोठे शहर आणि मध्यवर्ती शहर एकच नसते, हे टेलिफोन मोजणाऱ्याला नव्वद वर्षांपूर्वी कळले होते. नव्या तालुक्यात कुठली गावे घालायची, हे आमदारांच्या सोयीने ठरले तर आजची गैरसोय फक्त जागा बदलेल. त्यापेक्षा प्रशासनाने गॅल्पिनची पद्धत वापरावी. एसटीच्या फेऱ्या, दवाखान्यांच्या नोंदी, महाविद्यालयांचे हजेरीपट हाताशी आहेतच. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या गावागावांत विचारावे: बाजाराला कुठे, बाळंतपणाला कुठे, अकरावीला कुठे? उत्तरे जाहीर करावीत आणि मगच हद्द आखावी.