लक्ष्मी, सरस्वती आणि मैदान

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नाव सुशिक्षित मराठी घरांत अपरिचित नाही. अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणाची स्वप्ने पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या यादीत हे नाव वरच्या ओळीत असते. परंतु प्रयोगशाळांसाठी आणि ग्रंथालयांसाठी ख्यातकीर्त असलेल्या याच विद्यापीठाच्या आवारात सुमारे पन्नास हजार प्रेक्षक मावतील एवढे क्रीडांगण आहे आणि तेथील फुटबॉल संघाचे काय होणार, हा प्रश्न सध्या विद्यापीठाच्या धुरिणांना भेडसावीत आहे. २०२६ चा हंगाम नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला जावयाचा आहे. एका महाविद्यालयीन संघाच्या जयापजयाची चिंता आपण का वाहावी, असे कोणी विचारील. पण प्रश्न केवळ एका संघाचा नाही. विद्यार्थी हा विद्यार्थी राहूनच खेळाडू होऊ शकतो काय, हा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुढील दोन-चार वर्षांत स्टॅनफर्डच्या मैदानावर मिळण्याचा संभव आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावावयाचे, तो सहकाऱ्याकडे फेकावयाचा आणि अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना चुकवीत वा रेटीत प्रत्येक यार्ड जिंकावयाचा, असा हा धसमुसळा खेळ आहे. व्यावसायिक संघ अस्तित्वात येण्यापूर्वी तो महाविद्यालयांतच वाढला. त्यामुळे तेथे महाविद्यालयीन सामन्यांना जी गर्दी लोटते आणि दूरचित्रवाणी कंपन्या त्यांच्यासाठी जो पैसा मोजतात, त्याची कल्पना आपल्या आंतरविद्यापीठीय स्पर्धांवरून येणार नाही.

स्टॅनफर्डचा या खेळाशी असलेला संबंध विद्यापीठाइतकाच जुना आहे. विद्यापीठ १८९१ साली उघडले आणि १८९२ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघाशी त्याचा पहिला सामना झाला. हर्बर्ट हूव्हर हा पहिल्या तुकडीचा विद्यार्थी त्या सामन्याची व्यवस्था पाहणाऱ्यांत होता आणि तिकिटांच्या धांदलीत चेंडू आणावयाचेच सर्वजण विसरले, अशी कथा सांगतात. हाच हूव्हर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १९०६ मध्ये, खेळातील जीवघेण्या दुखापतींवरून देशभर गदारोळ उठला असता, स्टॅनफर्डने हा खेळ सोडून रग्बी पत्करली व सुमारे दशकभर तीच चालविली. म्हणजे शिक्षणसंस्थेच्या विवेकाला न पटणाऱ्या खेळाला नकार देण्याची परंपराही या विद्यापीठाला आहे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अलीकडचा इतिहास मात्र चढउतारांचा आहे. २००७ च्या ऑक्टोबरात जिम हार्बॉ या प्रशिक्षकाच्या हाताखालील दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाला २४-२३ असे हरविले. जाणकारांनी या सामन्यात ४१ गुणांनी पराभव गृहीत धरला होता. त्यानंतरचा काळ वैभवाचा ठरला. हार्बॉनंतर २०११ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या डेव्हिड शॉ यांच्या कारकीर्दीत संघाने दोनदा प्रतिष्ठेचा रोझ बोल सामना जिंकला. कडक प्रवेशप्रक्रियेतून निवडलेले विद्यार्थी देशातील धष्टपुष्ट संघांना धूळ चारू शकतात, हे स्टॅनफर्डने त्या दशकात सप्रमाण सिद्ध केले. परंतु २०२१ ते २०२४ या चार हंगामांत मात्र दरवर्षी तीन विजय आणि नऊ पराभव हाच ताळेबंद निघाला. २०२२ च्या अखेरीस शॉ पायउतार झाले, त्यांच्यानंतर आलेल्या प्रशिक्षकाला २०२५ च्या मार्चमध्ये दूर करण्यात आले आणि त्या वर्षीचा हंगाम फ्रँक राइक यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळला. फलित, चार विजय व आठ पराभव.

ही घसरण प्रशिक्षकांच्या नालायकीमुळे झाली, असे म्हणणे सोपे आहे; पण ते अर्धसत्य ठरेल. या चार-पाच वर्षांत खेळाचे अर्थशास्त्रच मुळापासून पालटले. पूर्वी खेळाडूला शिष्यवृत्तीखेरीज काही मिळू नये, असा दंडक होता. त्याच्या घामावर विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी कंपन्या गब्बर होत आणि त्याला मात्र हौशीपणाचे पावित्र्य शिकविले जाई. हा ढोंगीपणा टिकणे शक्य नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून त्याला पहिला धक्का दिला. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध एकमताने निर्णय दिला आणि त्या वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने तर विद्यापीठांनीच खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट खुली केली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. शिवाय २०२४ पासून खेळाडूला कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच नव्या संघाकडून खेळण्याची परवानगी आहे. २०२४ चा हंगाम जिंकणाऱ्या ओहायो स्टेटच्या क्रीडाप्रमुखांनी आपल्या संघातील खेळाडूंवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्ची पडल्याचे उघडपणे सांगितले होते.

खेळाडूला त्याच्या श्रमाचे मोल मिळाले, हे न्याय्यच झाले. पण एका न्यायाच्या पोटी दुसरी अडचण जन्माला आली. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत खेळाडूंची जी ये-जा चालते, ती आठवडी बाजारातील देवघेवीची आठवण करून देणारी आहे. ज्या संघाजवळ पैसा आहे आणि ज्याचे प्रवेशद्वार सताड उघडे आहे, तो एका उन्हाळ्यात निम्मा संघ बदलून टाकू शकतो. स्टॅनफर्डची कोंडी नेमकी येथेच झाली. तेथील खेळाडू बाहेर जाऊ शकत होते. पण बाहेरच्या खेळाडूला आत यावयाचे तर विद्यापीठाच्या कठोर प्रवेशनियमांच्या चाळणीतून पार व्हावे लागे. शिक्षण अर्ध्यावर असलेल्यांना तर ही चाळणी फारच बारीक ठरली. हौद गळत होता आणि नळाला पाणी नव्हते.

त्यात भौगोलिक अरिष्टाची भर पडली. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांची जुनी संघटना २०२३ मध्ये दूरचित्रवाणीच्या पैशापायी फुटली. बारा सभासदांपैकी दहा निघून गेले. कोणी थारा देईना, तेव्हा स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना २०२४ पासून चक्क अटलांटिक किनाऱ्यावरील संघटनेत आश्रय घ्यावा लागला. पॅसिफिकच्या काठचे विद्यार्थी आता सामन्यासाठी खंड ओलांडून जातात. या प्रवेशाची किंमतही जबर आहे. पहिली सात वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा सुमारे तीस टक्केच वाटा या दोन विद्यापीठांना मिळावयाचा आहे. म्हणजे खर्च वाढला, प्रवास वाढला आणि हक्काचे उत्पन्न मात्र घटले.

अशा परिस्थितीत विद्यापीठाने टाकलेली पावले लक्षणीय आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात अँड्र्यू लक यांना फुटबॉलचे महाव्यवस्थापक नेमण्यात आले. लक यांची निवड प्रतीकात्मक म्हणावी लागेल. २०११ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत अग्रक्रम मिळण्याची शक्यता असताना, त्यांनी वास्तुरचनेची पदवी पुरी करण्यासाठी एक वर्ष स्टॅनफर्डमध्येच काढले. २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकाने त्यांची निवड झाली, आणि दुखापतींनी जर्जर झाल्यावर २०१९ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती पत्करली. पुढे शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ते पुन्हा स्टॅनफर्डमध्येच आले. कोट्यवधी डॉलर समोर असताना पदवीला मान देणारा माणूसच या बाजारात संघाचा कारभारी झाला, हा योगायोग नव्हे.

लक यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून टाविटा प्रिचर्ड यांना पाचारण केले. सदर्न कॅलिफोर्नियाला नमविणाऱ्या २००७ च्या त्या संघाची सूत्रे मैदानावर प्रिचर्ड यांच्याच हाती होती. २००९ मध्ये त्यांची जागा घेतली ती तरुण लक यांनी. ज्याने जागा घेतली त्यानेच आता मानाने बोलावून घेतले, यात परस्पर विश्वासाची साक्ष आहे. आर्थिक बाजूही अगदीच लंगडी राहिलेली नाही. ब्रॅडफर्ड फ्रीमन या माजी खेळाडूने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी ५ कोटी डॉलरची देणगी दिली. क्रीडाविभागाची धुरा एका जगप्रसिद्ध क्रीडासाहित्य कंपनीचे माजी प्रमुख जॉन डोनाहो यांच्याकडे आली आहे.

मग २०२६ च्या हंगामाविषयी काय अपेक्षा धरावी? उत्साही समर्थक रोझ बोलची स्वप्ने पाहू लागतील. त्यांना आवरले पाहिजे. बारा सामन्यांच्या नियमित हंगामात सहा विजय मिळाले की हंगामोत्तर सामन्यांची पात्रता सामान्यतः लाभते. स्टॅनफर्डने ही रेषा गाठली तरी ते मोठे यश मानावे. त्यास अनुकूल गोष्टी आहेत. २०२५ मध्ये संघाने फ्लोरिडा स्टेटला २०-१३ असे हरविले आणि बर्कलीविरुद्धच्या परंपरागत सामन्यात ३१-१० असा विजय मिळवून चार वर्षांची नामुष्की धुऊन काढली. चार हंगामांनंतर विजयांचा आकडा तीनवरून चारवर गेला, ही झेप नव्हे. पण घसरण थांबल्याची खूण निश्चित आहे. प्रतिकूल गोष्टीही तेवढ्याच ठळक आहेत. चार हंगामांत तिसरा मुख्य प्रशिक्षक येत आहे. प्रिचर्ड यांना मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नाही. दूरदूरचे प्रवास आहेतच. आणि प्रतिस्पर्ध्यांच्या थैल्याही उघड्या आहेत. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? संघाची घडी एका देणगीने किंवा एका हंगामात बसत नाही. त्यास तीन वर्षे तरी दिली पाहिजेत. पहिल्या दोन-तीन पराभवांनंतर धीर सोडून पुन्हा प्रशिक्षक बदलण्याचा मोह विद्यापीठाने आवरला, तरच या योजनेची खरी परीक्षा होऊ शकेल.

स्टॅनफर्डपुढे तीन मार्ग आहेत. प्रवेशनियम सैल करून बाजारात उतरावे. १९०६ प्रमाणे या खेळाला रामराम ठोकावा. किंवा नियम बहुतांशी राखून, पैसाही देऊन, पण पदवीचे मोल पटलेले खेळाडूच निवडून संघ बांधावा. पहिल्या मार्गाने विजय मिळतील, पण मग ते विद्यापीठाचे विजय राहणार नाहीत. दुसरा मार्ग स्वच्छ आहे. मात्र फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, रोइंग, जिम्नॅस्टिक्स यांसारखे खेळ तगतात, त्यांच्यावर कुऱ्हाड येईल. २०२० मध्ये अकरा खेळ बंद करण्याची घोषणा करून पुढल्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली, हा अनुभव ताजा आहे. उरतो तिसरा मार्ग. तो सर्वांत अवघड आहे, आणि लक-प्रिचर्ड जोडीने तोच धरलेला दिसतो.

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. आपल्या शाळा-महाविद्यालयांत क्रीडागुणांच्या सवलतीपलीकडे खेळ आणि अभ्यास यांचा संबंध फारसा जोडला गेलेला नाही. ‘आधी शिक ​​आणि मग खेळ’ हा पालकांचा आग्रह व ‘आधी खेळ, पदवीचे पाहून घेऊ’ हा क्रीडाक्षेत्राचा रिवाज, या दोन टोकांत आपली गुणी मुले फरपटतात. कमालीच्या श्रीमंतीतही तोच पेच अमेरिकेला सुटलेला नाही, हे स्टॅनफर्डच्या उदाहरणावरून दिसते. म्हणूनच या शरद ऋतूत त्या संघाने किती सामने जिंकले, यापेक्षा त्यातील किती खेळाडू चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडले, हा आकडा अधिक महत्त्वाचा ठरेल. तो आकडा राखून सहा सामने जिंकता आले, तर स्टॅनफर्डने केवळ प्रतिस्पर्ध्यांना नव्हे, तर एका जुन्या म्हणीलाही हरविले असे म्हणता येईल.