खेळाच्या वहीतला रकाना

गेले काही महिने रविवारी दुपारी आमच्या घरात चौघे जण सतरंजी टाकून बसतात. मध्ये एक कोरा कागद, दोन-चार फासे, पत्त्यांचा जोड आणि वाटीभर चिंचोके. शेजारच्या काकूंनी परवा आमच्या सौ.ना विचारलेच, "अहो, तुमचे साहेब या वयात खेळतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या, चार सभांना हजेरी लावणाऱ्या कारकुनाने रविवारची दुपार खेळात घालवावी, हे कोणालाही खटकेल. तेव्हा या खेपेचा मजकूर काकूंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून.

या खेळांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्यांना भूमिकांचे खेळ म्हणू. खरे पाहता आपण सगळ्यांनीच हा खेळ लहानपणी खेळलेला आहे. भातुकलीत एक आई होते, एक बाबा होतो, एक पाहुणा म्हणून येतो. चहा खोटा असतो, पण भांडण खरे होते. इथेही तसेच, फक्त नियम लिहून ठेवलेले असतात. बहुतेक खेळांत एक जण निवेदक होऊन प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. काम जमले की फसले, हे फासा ठरवतो. संवाद आधी पाठ केलेले नसतात आणि हार-जीतही बहुधा नसते.

यातला जगभर गाजलेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. तळघरे, राक्षस, तलवारी आणि सोन्याच्या मोहरा असा सगळा मामला. आमच्या थोरलीच्या कॉलेजातली मुले तोच खेळतात आणि तिच्यामुळेच हा नाद घरात शिरला.

आम्ही बी.कॉम. झालेले. कोणतीही वही हातात आली की आधी रकाने बघतो. ज्याचा रकाना आखलेला असतो त्याचा हिशेब होतो. ज्याचा नसतो, ते घडले काय आणि न घडले काय, सारखेच. खेळाच्या नियमांचे पुस्तकही आम्ही असेच वाचले. १९७४ च्या नियमांत पात्राची जमात हा एक रकाना होता. खुज्या ड्वार्फ जमातीत जन्मलेला लढवय्या सहाव्या पायरीच्या वर जाऊच शकत नसे. माणसाला मात्र अशी मर्यादा नव्हती. पराक्रम कितीही करा, जन्माने आखलेली रेघ ओलांडायची नाही! ही बंधने पुढे गेली, पण जन्मावरून मिळणारे जादा गुण बराच काळ राहिले. शेवटी २०२४ च्या नव्या पुस्तकात वंश हा शब्द काढून प्रजाती हा शब्द आला, आणि जादा गुण जन्माऐवजी पात्राने पूर्वी काय काम केले त्याला जोडले गेले. एवढ्याला पन्नास वर्षे लागली. आमच्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको.

पण आज सांगायचे आहे ते या एका गाजलेल्या खेळाच्या पलीकडचे. आमच्या आवडीचे चार खेळ आहेत आणि चौघांचे रकाने वेगवेगळे आहेत.

पहिला ट्रॅव्हलर. मार्क मिलर यांनी १९७७ साली काढला. कथा अंतराळातली, पण गोष्ट आपल्या घरची. यात तरण्याबांड वीराऐवजी नोकरी करून बाहेर पडलेला माणूस मिळतो. चार-चार वर्षांच्या मुदती भरायच्या, हुन्नर शिकायचा. पाच मुदती भरल्या की पेन्शन. चौतिशी आली की शरीर झिजू लागते. मूळ नियमांत तर नोकरीतच पात्र दगावायचे आणि खेळ सुरू होण्याआधीच संपायचा! जगून वाचून बाहेर पडलात आणि यान घ्यायचे ठरवलेत, तर कर्ज. किमतीचा पाचवा हिस्सा आधी रोख भरायचा, मग दरमहा किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, असे ४८० महिने. आम्ही लगेच पेन्सिल काढली. यान २ कोटी ४० लाखांचे धरा. आधी ४८ लाख भरा. मग दरमहा १ लाख, चाळीस वर्षे, म्हणजे ४ कोटी ८० लाख. एकूण ५ कोटी २८ लाख, म्हणजे मूळ किमतीच्या सव्वादोन पटीला थोडे कमी! आकाशातल्या ताऱ्यांमधून हिंडणारा कप्तान एक तारीख जवळ आली की हप्त्याच्या काळजीने भलत्यासलत्या मालाची वाहतूक पत्करतो. तलवारीच्या खेळात माणूस लोभाने साहस करतो, इथे हप्त्यासाठी. घरासाठी कर्ज काढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा कॉल ऑफ कथुलू, सँडी पीटरसन यांचा, १९८१ चा. हा भयकथांचा खेळ. यातली पात्रे म्हणजे पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर अशी साधी माणसे. तलवार इथे कामाची नाही. पात्राच्या कागदावर शरीराच्या ताकदीबरोबर मनःस्वास्थ्याचा आकडा असतो. भयंकर काही दिसले, की तो आकडा घसरतो. आणि ग्रंथालयात बसून माहिती शोधण्याचे कसब इथे चक्क वेगळे मोजले जाते! वाचणारा माणूस बंदूकवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे पाहून आम्हाला फार समाधान वाटले.

मात्र यात एक काटा आहे. ज्या लव्हक्राफ्टच्या (१८९० ते १९३७) कथांवर हा खेळ उभा आहे, त्याच्या लिखाणात काळ्या लोकांविषयी आणि परदेशांतून आलेल्या गरिबांविषयी उघड तिरस्कार आहे. मग काय करायचे? खेळ टाकून द्यायचा? क्रिस स्पायव्ही या काळ्या लेखकाने दुसरा मार्ग काढला. २०१७ साली त्यांनी हार्लेम अनबाउंड नावाचे पुस्तक याच खेळासाठी लिहिले. त्यात न्यूयॉर्कमधली १९२० च्या दशकातली काळ्या लोकांची हार्लेम वस्ती आहे, तिथले कवी, गायक आणि कामकरी आहेत, आणि शोध घेणारे नायक काळे आहेत. गोऱ्या माणसाकडून माहिती काढताना काळ्या पात्राला फासा अवघड पडतो, असा नियमच त्यांनी घातला. जे रोज घडत होते पण वहीत नव्हते, त्याला रकाना मिळाला.

तिसरा खेळ डॉग ईट डॉग, लियाम लिवानाग बर्क यांचा. यात पॅसिफिक महासागरातले एक बेट आहे. एक जण परकी सत्ता होतो, बाकीचे बेटावरचे मूळ रहिवासी. नियमांच्या यादीत पहिला नियम असा, की रहिवासी हे सत्ताधाऱ्यांपेक्षा हीन आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर हिशेब होतो. नियम पाळला तर चिंचोका मिळतो, मोडला तर द्यावा लागतो, आणि यादीत एका नव्या नियमाची भर पडते. ज्याचे चिंचोके संपले तो पेटून उठतो आणि त्याची कहाणी मृत्यूने संपते. जो निमूट नियम पाळत जातो त्याच्यापुढे ढीग जमतो, पण तो मग बेटावरचा उरतो का, हा प्रश्न.

आता खरी गोष्ट ऐका. सत्ता कोणी व्हायचे, हेही नियमच सांगतो. बसलेल्यांत जो सर्वांत श्रीमंत, त्याने! थोरलीने हे वाचून दाखवले आणि सगळे हसले. आम्ही म्हणालो, "आपल्यात कोण आला श्रीमंत? सगळे सारखेच." तेव्हा आमचा भाचा, जो कंत्राटी कामावर जातो, हळूच म्हणाला, "मामा, तुम्हीच. तुमची नोकरी कायम आहे."

वाचकहो, खोली क्षणभर गप्प झाली. आम्ही आजवर स्वतःला गरीब कारकून समजत आलो. सभांमधून तसे बोलतही आलो. पण भाच्याच्या वहीत आमचा रकाना वेगळा होता आणि तो चुकीचा नव्हता. सुट्टीचा पगार आम्हाला मिळतो, त्याला मिळत नाही. आजारपणात आम्ही रजा टाकतो, त्याचा खाडा पडतो.

आम्ही सत्ता झालो. वाटले होते, जड जाईल. पण अर्ध्या तासात आम्ही "हे तुमच्याच भल्याचे आहे" असे म्हणू लागलो, तेही अगदी मनापासून. सौ. नियम पाळून चिंचोके जमवत होत्या. थोरली वाद घालत होती. भाच्याने तिसऱ्या प्रसंगात शेवटचा चिंचोका आमच्यापुढे ठेवला आणि काही न बोलता बसून राहिला. खेळ आवरल्यावर आम्ही त्याला विचारले, "कामाचे कसे चालले आहे?" दोन वर्षांत आम्ही हा प्रश्न नीट विचारलाच नव्हता. त्या दिवशी तो तासभर बोलला.

चौथा खेळ द क्वाएट इयर, अ‍ॅव्हरी ऑल्डर यांचा, २०१३ चा. याला पत्त्यांचा नेहमीचा जोड पुरतो. कोल्हे नावाच्या शत्रूशी चाललेली लांब लढाई संपून एका वस्तीला एक वर्ष शांततेचे मिळाले आहे. ५२ पाने म्हणजे ५२ आठवडे. बदाम हा वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद आणि इस्पिक हिवाळा. मध्ये वस्तीचा नकाशा सगळे मिळून काढतात; आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढतो. निवेदक कोणी नाही. आपल्या पाळीत एक तर नवे काही शोधा, एक तर काम सुरू करा, नाही तर चर्चा घ्या. चर्चेत प्रत्येकाने एकदाच बोलायचे आणि ठराव करायचा नाही. इस्पिकचा राजा निघाला, की हिमाचे मेंढपाळ येतात आणि खेळ थांबतो. ते कोण, हे खेळ सांगत नाही.

यातला मोलाचा रकाना आहे मनातल्या नाराजीचा. आपल्याला न विचारता काही ठरले असे वाटले, की एक चिंचोका उचलून आपल्यापुढे ठेवायचा. त्यावर भाषण करायचे नाही. पुढे कोणी चूक सुधारली तर तो परत टाकता येतो. किंवा स्वार्थाने वागायचे असेल तर त्याचा दाखला देऊन टाकता येतो. शेवटी उरलेल्या चिंचोक्यांची बेरीज होत नाही. ते फक्त सगळ्यांना दिसत राहतात.

आम्ही उत्साहाने वस्तीत सभागृह बांधायला घेतले. खेळ संपला तेव्हा सौ.पुढे पाच चिंचोके होते. "कधी उचललेत?" आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "सभागृहाच्या वेळी दोन. पाणी कुठून आणायचे, हे कोणी विचारलेच नाही. बाकीचे तुमच्या लक्षात यायला हवे होते."

ज्यांना खेळून पाहायचे आहे त्यांनी या चौथ्यापासून सुरुवात करावी. पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने वाचून घरच्यांना सांगावी. तीन-चार तास लागतात. डॉग ईट डॉग मात्र लहान मुलांसोबत नको, आणि मोठ्यांनीही कोणाला त्रास झाला तर तिथेच थांबायचे ठरवूनच बसावे.

आमच्या मंडळाचे इतिवृत्त गेली काही वर्षे आम्हीच लिहितो. हजेरीचा रकाना आहे, जमाखर्चाचा आहे, ठरावाचा आहे. कोणाला विचारले नाही, याचा नाही. येत्या सभेला आम्ही वाटीभर चिंचोके घेऊन जाणार आहोत. मंडळी हसतील. हसू देत.