गुरुजी, हे दोन कागद वाचा

गुरुजी म्हणतात, वाचायला वेळ न्हाई. खोटं नाही ते. जनगणना, निवडणूक, महापूर ही कामं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच त्यांच्या मानगुटीवर ठेवलीत. पण मी सूतगिरणीत तिसरी पाळी करून वाचतो. मलाही वेळ कुणी ताटात वाढला नाही. आणि परिपत्रकं वाचायला गुरुजींना वेळ मिळतोच की!

आमचं कोडोली पन्हाळा तालुक्यातलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सक्ती पोरांवर आली. मास्तरांच्या वाचनाचं काय?

दोनच कागद सांगतो. मुक्ता साळवेचा निबंध, १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापलेला. फुल्यांच्या शाळेतली मांगवाड्यातली पोर, वेद बामणांचे तर आमचा धर्म कोणता, असं थेट देवाला विचारते. शेवटच्या बाकावरचं पोर मुकं नसतं गुरुजी, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

दुसरा, १८८२ चं जोतीरावांचं हंटर कमिशनपुढचं निवेदन. प्राथमिक मास्तर ट्रेनिंग घेतलेला हवा, कुणबी-कष्टकऱ्यांतला, त्यांच्यात मिसळणारा हवा. आणि पगार? बारा रुपयांच्या खाली नको! तुमच्या पगारासाठी भांडलेला हा माणूस, अन् तुम्ही त्याला फक्त फोटोतनं ओळखता.

गड्यांनो, ११ एप्रिलला गुरुजींच्या हातात नारळ देऊ नका. या दोन कागदांची झेरॉक्स द्या. पंधरा दिवसांनी विचारायला जा. एकट्यानं नको, वर्गातली पोरं संगं घेऊन.