चावी की नेमप्लेट?

फ्लॅटची चावी पायपुसण्याखाली ठेवायची आणि तसं सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लिहायचं? सर्व्हरला ओळख पटवणारं एपीआयचं ‘सीक्रेट’ ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये ठेवणं मला तसंच वाटतं. कोड झाकला तरी काय! प्रोग्रॅम पीसीवर उतरला, की खणणारा ते शोधतोच. २०१७ च्या ‘आरएफसी ८२५२’ या नियमावलीनं स्पष्टच सांगितलं: सगळ्यांना वाटलेलं सीक्रेट गुप्त धरू नका. थोडक्यात, ती नुसती नेमप्लेट, कुणीही लावावी.

मग कुलूप कुठलं? ‘पीकेसीई’. दर लॉगिनला तुमचंच मशीन नवं गुपित बनवतं. आधी त्याचा फक्त ठसा पाठवतं, मूळ गुपित शेवटी. मधल्या मधे कुणी परवाना पळवला, तरी गुपिताशिवाय तो चालत नाही.

म्हणून मी एकच बघते. लॉगिनसाठी प्रोग्रॅम मला ब्राउझरकडे पाठवतोय, की पासवर्ड स्वतःच मागतोय? स्वतःच मागत असेल, तर सॉरी बॉस, दार बंद!