लंडनचा संकेतांक

लंडनचा दूरध्वनी संकेतांक पूर्वी ०१ होता. क्रमांक अपुरे पडू लागले, तेव्हा मे १९९० मध्ये मध्यवर्ती भागास ०७१ व बाहेरील भागास ०८१ देण्यात आला. १९९५ मध्ये देशातील बहुतेक संकेतांकांत १ हा अंक घातला गेला. ते ०१७१ व ०१८१ झाले. २००० मध्ये सारे शहर पुन्हा ०२० खाली एकवटले आणि सात आकडी क्रमांकाआधी ७ किंवा ८ लागून तो आठ आकडी झाला.

दहा वर्षांत तीन बदल! ज्या व्यापाऱ्याची पेढी जागची हललीही नाही, त्याच्या पाट्या व पावतीपुस्तके तीनदा जुनी ठरली आणि तो खर्च त्याच्याच खातेवहीत पडला. पॅरिसने १९८५ मध्येच आठ आकडी क्रमांक स्वीकारले होते. लंडनने १९९० मध्ये तोच मार्ग धरला असता, तर निदान एकदोन वेळची छपाई वाचली असती.