बसवून झाल्यावर

पाऊस उघडला की स्वयंसेवकांच्या तुकड्या पुन्हा पाड्यांकडे निघतील. यंदा निघण्याआधीच एक गोष्ट ठरवून घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे: चूल किंवा पाण्याची गाळणी बसवल्यावर त्या घरी पुन्हा कोण जाणार, आणि कधी?

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला, २००२ मध्ये बंद पडला. मधल्या काळात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. पेटत्या किती राहिल्या, याची विचारपूस फार थोड्यांनी केली. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर छातीत जाण्याचे प्रमाण घटले. पुढे तो फरक उरला नाही. चुली नियमित आणि नीट वापरल्या जात नव्हत्या, डागडुजीही होत नव्हती. त्याचा दोष घरातल्या बाईवर टाकणे आम्हांला मान्य नाही.

भाकरीचेच घ्या. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची, ही रीत. चुलीचे तोंड अरुंद केले की आर पुढे ओढायला जागाच राहत नाही. मग बाई तोंड फोडून रुंद करते, नाहीतर शेजारी तीन दगड मांडते. वैलावर भांडे नसले आणि तो उघडाच राहिला, तर धुराड्याची ओढ मोडते आणि धूर घरात कोंडतो. धुराड्यात काजळी धरली तरी तेच होते. ती काढायला छपरावर कोण चढणार? तिचा तवा, तिची पातेली आणि जळण तुराट्यांचे की लाकडाचे, हे पाहिल्याशिवाय माती कालवूच नये.

गाळणीचेही असेच. जैव-वाळू गाळणीत वाळूवर सुमारे पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे असावे लागते. त्याखाली जंतूंना अटकाव करणारा जिवंत थर धरायला काही आठवडे जातात. तोवर पाणी उकळूनच प्यायला हवे. बाहेरच्या तोटीला कोणी लांब रबरी नळी जोडली, तर पाणी खाली ओढले जाऊन तो थर सुकतो. शिवाय गाळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरला, तर सगळी मेहनत वाया. झाकणाचा हंडा आणि लांब दांड्याचे ओगराळे गाळणीसोबतच पोचायला हवे. या गाळणीने फ्लोराइड निघत नाही, हेही त्या घरात स्पष्ट सांगावे.

हे सारे एका दिवसात शिकवून होत नाही. पाड्यावरच्याच एखाद्या बाईला किंवा जवळच्या कुंभाराला दुरुस्ती शिकवा, आणि त्या कामाचा मेहनताना प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. देणगीदार कुरकुरले तरी हा खर्च कापू नका. त्याऐवजी दहा चुली कमी बसवा.

पुढच्या अंकापासून कामाच्या अहवालांत आम्ही दोन आकडे मागणार आहोत: बसवल्या किती, आणि एक पावसाळा उलटल्यावर चालू किती. दुसरा आकडा लहान असला तरी जरूर पाठवा, कारणांसह छापू.