मासा व्हिएतनामचा, हिशेब बांगलादेशाचा

शेतकरी भावांनो, कापूस-ज्वारीवाल्यांना माशाशी काय देणंघेणं, असं म्हणू नका. मेकाँग नदीकाठचा शेतकरी तळ्यात मासे पाळतो. ते गोठवून अमेरिकेत स्वस्त विकले जाऊ लागले, तशी तिथल्या मासेवाल्यांनी ओरड केली. आधी २००२ च्या शेती कायद्यानं या माशाला ‘कॅटफिश’ म्हणायलाच बंदी घातली. तरी गिऱ्हाईक हटेना. मग २००३ साली ‘डंपिंग’चा ठपका ठेवून सुमारे ३७ ते ६४ टक्के कर लादला. वीस वर्षं उलटली तरी तो चालूच राहिला.

ठपका सिद्ध कसा केला? व्हिएतनामचा बाजार खुला नाही, म्हणून तिथल्या शेतकऱ्याचा खरा खर्च धरायचाच नाही. बांगलादेशातले भाव लावून कागदावर खर्च काढायचा! आमच्या कापसाचा उत्पादनखर्च दिल्लीत बसून कसा काढतात, ते आम्ही भोगलं आहे. कारकुनाची लेखणी सगळीकडे सारखीच.

आणि ओरडणारे कुठले? मिसिसिपीच्या खोऱ्यातले. तिथेच सरकारी अनुदानावर कापूस पिकतो. तो जगाच्या बाजारात ओतला तेव्हा डंपिंग कुणाला दिसलं नाही. ब्राझीलला जागतिक व्यापार संघटनेत भांडून २००४ साली निकाल मिळवावा लागला.

कुणी म्हणेल, परदेशी कापसावर असा कर लागला तर बरंच की! अनुदानाचा माल असेल तर जरूर लावा. पण कष्टानं स्वस्त पिकवलेल्या मालाला डंपिंग म्हणणं आम्हाला मान्य नाही. २००५ साली भारतातल्या गोठवलेल्या कोळंबीवरही अमेरिकेनं असाच कर बसवला. हे दोन्ही कर उठलेच पाहिजेत.